मदत हवी आहे : वाचनालयाच्या यादीत क्षीरसागर 'क'मध्येच अडकलेत

आमच्या वाचनालयाची छोटी वेबसाइट आहे. पीएचपी, डेटाबेस मायएसक्यूएल ८.०, शेअर्ड होस्टिंग (सर्व्हर इतरांबरोबर वाटून घेतलेला). लेखकांची यादी आडनावाने लावायची आणि पुढे प्रत्येकाच्या पुस्तकांची संख्या दाखवायची, एवढंच काम.

मोजणीचा घोळ सुटला. लेफ्ट जॉइनमध्ये (पुस्तक नसलं तरी लेखकाची ओळ ठेवणारी जोडणी) ओळी मोजणारं काउंट(*) वापरल्यामुळे एकही पुस्तक नसलेल्या लेखकापुढेसुद्धा १ येत होता. पुस्तकाचा आयडी मोजल्यावर ० आला. (या एका तारकेपायी अख्खा रविवार गेला.)

अडलंय ते क्रमावर. कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) डिफॉल्टच आहे, डेटा नीट युनिकोडमध्ये. ऑर्डर बाय (क्रम लावायची आज्ञा) केलं की क्षीरसागर येतात कोल्हटकर आणि खरे यांच्या मधे, कारण मायएसक्यूएलच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. आपल्याला क्ष, ज्ञ 'ह'नंतर हवेत. ळचंही तेच: काळे काशीकरांच्या आधी येतात, हवेत नंतर.

सगळी यादी पीएचपीत आणून लावता येईल, पण नोंदी चार हजारांच्या घरात आणि एका पानावर २५, त्यामुळे क्रम डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या क्वेरीतच लागायला हवा. सर्व्हरची सेटिंग्ज माझ्या हातात नाहीत, पीएचपीचं इंटल एक्स्टेन्शनही (भाषेनुसार क्रम लावणारी जोड) बंद आहे. क्रमासाठी वेगळा कॉलम करून क्षच्या जागी 'हझ' भरून पाहिलं, तर क्षीरसागर हर्डीकरांच्याही आधी जाऊन बसले!

वेगळा कॉलमच ठेवायचा तर ळ, क्ष, ज्ञ यांच्या जागी नेमकं काय भरावं, म्हणजे काना-मात्रा लागलेल्या 'ह'च्याही पुढे ते जातील?