वडिलांचं घर, हक्कसोड पत्र आणि प्रभुभोजन: खरंच कळत नाहीये काय करावं

नाशिकरोडकरीण
सगळ्यांना सलाम. बरेच दिवस मनात आहे म्हणून इथे विचारते. घरात बोलायची सोय नाही आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बोललं तर पुढच्या रविवारपर्यंत अख्ख्या नाशिकला कळतं.

आमचे पप्पा प्रेसमधून रिटायर झाले, स्वतःच्या कमाईतून नाशिकरोडला घर बांधलं, खाली दोन खोल्या वर एक, एवढंच, पण आता त्या जागेला काय भाव आलाय ते तुम्हाला माहितीच आहे. मृत्युपत्र काही केलं नव्हतं आणि ते प्रभूमध्ये निजले. आता दादा म्हणतो बिल्डरला द्यायचंय, तू हक्कसोड पत्रावर सही कर, आपण ख्रिस्ती माणसं, बहीण-भाऊ हिश्श्यावरून भांडले तर लोक काय म्हणतील. मी नाही म्हटलं. तेव्हापासून बोलणं बंद, नाताळला फराळाचा डबा पाठवला तो पण परत आला.

आई त्याच्याकडे असते. अर्धांगवायू झालाय, उठवणं बसवणं अंघोळ सगळं वहिनी करते, ते मी नाकारत नाही.

पण मला खरा त्रास होतो महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेतो तेव्हा. प्रभुभोजनाच्या आधी आपण म्हणतो ना, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तिथे माझा आवाजच फुटत नाही, आता तर मी पुढे जायचंच बंद केलंय. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले बायबलमधलं मत्तय 5 वाच, वेदीपुढे दान ठेव आणि आधी भावाशी समेट कर. म्हणजे सही कर असंच ना? माझे मिस्टर सातपूरला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत, मुलगी बारावीला आहे, मला ते पैसे हवेत हे खरं आहे. हवेत म्हणणं हा लोभ आहे का? आणि क्षमा केली म्हणजे हक्क सोडला असं असतं का? स्पष्ट सांगा, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

द्राक्षवेल
ताई सही करून मोकळ्या व्हा. लूक 12 मध्ये अगदी हाच प्रश्न आहे. गर्दीतला एक माणूस प्रभूला म्हणतो माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, आणि प्रभू म्हणतो मला तुमचा वाटणी करणारा कोणी नेमलं, सर्व प्रकारच्या लोभापासून दूर राहा. यापेक्षा स्पष्ट काय पाहिजे. पौल पण म्हणतो भावाला कोर्टात खेचण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही. कठीण आहे मान्य, पण क्रूस उचलणं हे असंच असतं, घर इथेच राहणार आहे आपण नाही. प्रार्थना करतो.

वकिली_चष्मा
आधी कायदा काय आहे ते माहीत असू द्या, मग सोडायचं की ठेवायचं ते ठरवा, कारण जे आपलं आहे हेच माहीत नाही ते सोडण्याला त्याग म्हणता येत नाही. ख्रिस्ती माणसाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, हिंदू वारसा कायदा नाही. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलांना सारखे, मुलगा मुलगी फरक नाही, लग्न झालंय का नाही तेही बघत नाहीत. म्हणजे तुमच्या घरात आई, तुम्ही आणि दादा, तिघांना बरोबर एक एक तृतीयांश. आईच्या सहीशिवाय दादाला पण अख्खं घर बिल्डरला देता येत नाही, हे कोणी तिला सांगितलंय का?

केरळात त्रावणकोर भागात 1916 चा वेगळा कायदा होता, मुलीला मुलाच्या हिश्श्याच्या चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. मेरी रॉय बाईंनी आपल्याच भावाविरुद्ध ती लढाई लढली आणि 1986 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिथेही 1925 चाच कायदा चालेल. त्यांनाही त्यांच्या समाजाने कमी ऐकवलं नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात हक्क कागदावर कधीचा आहे आणि तरी बहिणी सह्या करतायत.

आणि हो, हक्कसोड पत्र एकदा रजिस्टर झालं की नंतर वाईट वाटलं म्हणून परत फिरवता येत नाही. घाईत, रडवेल्या मनाने सही करू नका.

शरणपूरचा नातू
द्राक्षवेल भाऊ, तुमचं मन चांगलं आहे हे कळतंय पण मला राहवत नाही म्हणून लिहितो. तुम्ही 1 करिंथ 6 चं सातवं वचन सांगितलं, आठवं का नाही सांगितलं? अन्याय का सोसत नाही याच्या लगेच पुढे पौल म्हणतो की उलट तुम्हीच अन्याय करता, नाडता, आणि तेही आपल्या भावांना. सातवं वचन बहिणीला आणि आठवं कोणालाच नाही, हे मी लहानपणापासून बघत आलोय, आमच्या आत्यांच्या बाबतीत पण हेच झालं. त्याच अध्यायात तो असंही विचारतो की भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का. मग मंडळीतल्या पंचांनी दोघांना समोर बसवून ऐकायला नको का? लोभाबद्दलचा इशाराही प्रभूने एकट्या विचारणाऱ्याला दिला नाही, सगळ्यांना दिला, त्यात हिस्सा दाबून बसलेला भाऊ पण आला. आणि मुलींनी वतन मागणं पाप असतं तर गणना 27 मध्ये सलाफहादाच्या मुली मोशेपुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहून मागतात तेव्हा देवाने त्यांचं म्हणणं बरोबर आहे असं सांगितलंच नसतं.

मला दुसरंच काहीतरी जास्त खुपतं. आपले पणजोबा खापरपणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा घरदार, भावकी, पाणवठा सगळं सुटलं. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये यासाठी 1850 साली सरकारला कायदा करावा लागला, एवढी ती गोष्ट चालायची. ना. वा. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या जलालपूरची लेक लक्ष्मीबाई, तिचा संसार मोडायची वेळ आली, त्या स्वतः 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या तोपर्यंतची ती वर्षं कशी काढली असतील. विश्वासाची किंमत तिथे लागली. आपल्याला काय लागते? रविवारची सकाळ आणि दशमांशाचं, म्हणजे कमाईच्या दहाव्या भागाच्या दानाचं, पाकीट. जिथे खरंच दुखतं, म्हणजे घराचा कागद, बँकेचं पासबुक, कामवालीचा पगार, तिथे आपण प्रभूला दाराबाहेर उभं करतो.

प्रभुभोजनाबद्दल एक. 1 करिंथ 11 मध्ये अयोग्य प्रकारे खाण्याचा जो इशारा आहे तो कुठल्या गोष्टीवरून आला ते वाचा. काही जण आधीच भरपेट जेवत होते आणि गरीब भाऊबंद उपाशी बसत होते. म्हणजे मेजाजवळ जाताना विचार दोघांनी करायचाय ताई, एकट्या तुम्ही नाही. दादा अजूनही भाग घेतात ना?

टिळकवाडी_कॅथलिक
आमच्याकडे यावर फार घोळ नाही. पापनिवेदनात दुसऱ्याचं घेतल्याचं कबूल केलं तर फादर नुसती प्रार्थना सांगून सोडत नाहीत, घेतलेलं परत कर हे आधी. बायबलमधला जकातदार जक्कय पण चौपट परत देतो म्हणाला तेव्हा प्रभू म्हणाला आज या घराला तारण झालं आहे. क्षमा तुम्ही आजच करू शकता, त्याला दादाची परवानगी लागत नाही. समेट मात्र दोघांनी मिळून होतो, आणि त्यासाठी खरं बोलावं लागतं.

गंगापूररोडची आत्या
बाळा, सगळं वाचलं. कायदा तुझ्या बाजूने आहे, वचनं पण आहेत, मी सुद्धा सही करू नकोस असंच म्हणेन. पण तू म्हणालीस बरं वाटावं म्हणून लिहू नका, तर ऐक.

अर्धांगवायूच्या माणसाचं करणं म्हणजे काय ते मी सासूबाईंचं केलंय म्हणून माहीत आहे. रात्री दोनदा कूस बदलायची नाहीतर पाठीला जखमा होतात, चादरी, डायपर, फिजिओवाला, आणि स्वतःला ताप आला तरी सुट्टी नाही. तुझ्या पोस्टमध्ये त्यावर एकच ओळ आहे. मार्क 7 मध्ये प्रभू परूश्यांना कुर्बानवरून बोलतो ना, हे देवाला वाहिलंय असं म्हणून आईबापाला काही द्यायचं नाही. आपण ते नेहमी दुसऱ्याला लावतो. तुझ्या वहिनीच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर ते घराबद्दल नसेल गं, याबद्दल असेल. आणि मत्तय 5 नीट वाच, तिथे तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर असं लिहिलेलं नाही, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर असं लिहिलंय. मला हे वचन सगळ्यात अवघड जातं. आपली बाजू खरी असताना सुद्धा उठून जायचं, आणि समोरच्याला काय लागलंय ते आधी विचारायचं.

डबा पाठवू नको, स्वतः जा. हक्काचा विषय पहिल्या दिवशी काढू नको, पण सोडूही नको.

द्राक्षवेल
आत्याबाई आणि शरणपूरकर दोघांचं पटलं. आठवं वचन मी त्या अंगाने वाचलं नव्हतं. ताई माझं सही करा हे मागे घेतो.

नाशिकरोडकरीण
सगळ्यांचे आभार. आत्या, तुमचं वाचून दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही. राग आला आधी, मग झोप लागेना. आईसाठी मी दर महिन्याला काहीतरी पाठवते पण वहिनीला कधी विचारलं नाही की तुला एक आठवडा माहेरी जायचंय का.

मिस्टरांशी बोलले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आईला इथे आणणं अवघड आहे, म्हणून मीच शनिवार-रविवार तिकडे जाऊन राहायचं आणि वहिनीला सुट्टी द्यायची असं ठरवतोय, दादाने दार उघडलं तर. दादा अजून भाग घेतो का विचारलंत, हो घेतो, दर महिन्याला, आणि मला ते बघवत नाही हेही खरं आहे. पाळकसाहेबांना मी सांगितलंय की समेटासाठी मी तयार आहे पण एका पंचाने दोघांचं ऐकलं पाहिजे आणि सही मी करणार नाही. ते थोडे गप्प झाले, मग म्हणाले बघतो.

वकील साहेब एक विचारायचं राहिलं. बिल्डरला दिलंच तर आईचा तिसरा हिस्सा तिच्याच नावावर राहून त्यातून तिच्या औषधपाण्याचा आणि बाई ठेवायचा खर्च निघेल अशी काही सोय अॅग्रीमेंटमध्ये लिहून घेता येते का? आईला बोलता येत नाही नीट पण समजतं सगळं. तिची संमती कशी घ्यायची तेही सांगा.