मदत हवी आहे: थ्रॉटल बॉडी साफ केल्यापासून आरपीएम खालीवर होतोय

मंडळी, 2012 ची पेट्रोल गाडी आहे, 1.2 लिटर. गेल्या आठवड्यात थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून घेतली आणि तेव्हापासून सिग्नलला उभं राहिलं की आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा 1500 वर, मग एकदम 800, परत वर, नुसता झोके घेतोय, इंजिन गरम झालं तरी तेच. चेक इंजिन लाइट नाही. मेकॅनिक म्हणतो गाडी उभी असताना इंजिनची हवा सांभाळणारा आयडल व्हॉल्व्ह बदला (त्याला काय, खिसा माझा), पण बॉनेट उघडलं की इनटेकच्या रबरी पाइपापाशी बारीक सूंऽऽ ऐकू येतं आणि तिथे बोटाने दाबलं की काटा जरा खाली बसतो, म्हणजे हवा तिथूनच ओढतेय ना? साफसफाईनंतर ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) आयडल, म्हणजे उभ्या गाडीचा आरपीएम, परत शिकवावं लागतं म्हणे, ते घरी जमतं का, की आधी पाइपच बदलू?