मदत हवी आहे: परभणीच्या उन्हात ड्वार्फ हॅमस्टर कसे जपावेत?

नमस्कार. लेकीच्या हट्टापायी संक्रांतीनंतर दोन ड्वार्फ हॅमस्टर (उंदरासारखे बुटके पाळीव प्राणी) आणले. नावं तिनंच ठेवली, मुग्या आणि तिळ्या. सोनाराच्या काट्यावर तोलले तर एकेक जेमतेम ३५ ग्रॅम. उन्हाळा लागेपर्यंत काही त्रास नव्हता.

आमचं घर वरच्या मजल्यावर, दुपारी भिंतीसुद्धा तापतात. काल पारा ४२ वर होता आणि दीडला लाईट गेली. तीन वाजता बघते तर मुग्या पाय ताणून पोटावर पसरलेला, हनुवटीखालचे केस लाळेनं ओले, हात लावला तरी हलेना. एरवी बोट दिसलं की मिशा हलवत पुढं येतो. पिंजरा न्हाणीतल्या गार फरशीवर नेला, ओल्या रुमालानं त्याचे कान, पंजे पुसले. वीसेक मिनिटांनी त्यानं मान उचलली आणि पाण्याच्या नळीला तोंड लावलं. लेक तोवर दारात उभी राहून रडत होती.

आता पिंजरा कूलरसमोर ठेवू का? दुकानदारानं दोघं एकत्र राहतात असं सांगितलं होतं, पण चार दिवसांपासून रात्री चिरकतात आणि तिळ्याच्या पाठीवर चावल्याची खूण आहे. खायला दुकानातलं दाण्यांचं मिश्रण देते, वर लेक स्वतःच्या वाटणीच्या आंब्याची फोड देते. जवळचा दवाखाना गायी-म्हशींचा आहे. दाखवू कुणाला?

प्रतिसाद:
ताई, मी नांदेडचा. मुग्याला ऊन लागलं होतं, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. असं झालं तरी बर्फाच्या पाण्यात कधी बुडवू नका, धक्क्यानंच जीव जातो. हे प्राणी मूळचे सायबेरिया-मंगोलियाकडच्या थंड माळरानातले, दिवसा बिळात राहणारे. २६-२७ अंशांच्या वर गेलं की त्यांना सोसत नाही.

पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा आणि फुटक्या माठाचं मोठं खापर कडा घासून उपडं घाला, त्याखाली ते आपणहून जाऊन बसतील. लाईट गेली की गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवा. कूलर खोलीत चालू द्या, खिडकी उघडी ठेवा, पण ओला झोत थेट अंगावर नको. ओल्या पोत्यानं पिंजरा झाकू नका, आत कोंडतं.

दोघांना आजच वेगळं करा, उद्यावर टाकू नका. चावाचावी सुरू झाली की ते पुन्हा जमवून घेत नाहीत, एखादा मरतोसुद्धा. त्यातली एक मादी निघाली तर १८ ते २१ दिवसांत पिल्लं होतात, तेही तपासून घ्या.

आंबा बंद. ड्वार्फना मधुमेह लवकर होतो. ज्वारी-बाजरी आहेच, करडई चिमूटभर, काकडीची नखाएवढी चकती. लेकीला काकडी भरवू द्या, तिचंही मन राहील.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करून लहान प्राणी कोण बघतं ते विचारा आणि तिळ्याची जखम दाखवा.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. वेगळे केले. मुग्या आत्ता शहाबादीवर झोपलाय, पाय पोटाखाली घेऊन. ऊन चढायच्या आत उद्या दोघांना घेऊन जाते. त्यांचं पळायचं चाक एकच आहे, ते तिळ्याकडं राहिलं. दुसरं कोणत्या मापाचं आणू?