प्रभुभोजनाच्या प्याल्यात काय असावं? इस्टरच्या सकाळी घडलं त्यावरून

पांढरकवड्याकडची ताई

सगळ्यांना सलाम. इस्टर होऊन दहा दिवस झाले, पण मनातून जात नाही म्हणून लिहिते.

आमच्या गावची मंडळी, म्हणजे चर्च, लहान, वीस-पंचवीस घरांची. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घेतो तेव्हा, आमच्याकडे कायम मनुक्याचा रस. आदल्या रात्री काळे मनुके भिजत घालायचे, सकाळी कुस्करून उकळायचे, पांढऱ्या फडक्यातून गाळायचे. आधी आई करायची, आता मी करते. यंदा काही जणांनी ठरवलं, पुनरुत्थानाचा दिवस आहे, खरा, आंबवलेला द्राक्षारस आणू. शहरातून बाटली आली. मला कोणी सांगितलं नाही.

माझा धाकटा भाऊ आठ महिने दारूला शिवलेला नाही. ट्रे त्याच्यापाशी आला. त्यानं तो इवलासा काचेचा प्याला उचलला, ओठापर्यंत नेला आणि वास येताच थांबला. प्याला परत ठेवताना हात इतका थरथरला की ट्रेमधले बाकीचे प्याले किणकिणले. मग तो उठून बाहेर गेला. हे दिवस आमच्याकडे मोहफुलांचे, त्यांचीच दारू गाळतात. अंगणाअंगणात फुलं वाळत पडलेली असतात, बाहेरही तोच वास.

आणि त्या सकाळचं वाचन अम्माऊस गावाच्या वाटेचं होतं, बायबलातलं लूक २४. यरुशलेमहून साठेक स्टेड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरची वाट. दोघं शिष्य उठलेल्या प्रभूबरोबरच चालतात आणि त्याला ओळखत नाहीत. शास्त्र ऐकताना अंतःकरण पेटतं, पण ओळख पटते ती घरात, भाकर मोडताना. तिथं प्याल्याचा उल्लेखच नाही. मग रस आंबलेलाच हवा हा आग्रह कशाला? आमच्यासारख्या गावात तरी नको, असं माझं ठाम मत आहे.

चांद्याचा कॅथलिक

ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. तुम्हाला न विचारता बदल केला हे चुकलंच. पण मुद्दा मान्य नाही.

अम्माऊसमध्ये प्याला नाही म्हणता, तर प्रेषितांची कृत्ये १०:४१ काढून बघा. कर्नेल्याच्या घरी पेत्र साक्ष देतो की प्रभू मेलेल्यांतून उठल्यावर आम्ही त्याच्याबरोबर खाणंपिणं केलं. खाणं आणि पिणंही. शेवटच्या भोजनात प्रभूनं द्राक्षवेलाच्या उपजाचं नाव घेतलं आणि देवाच्या राज्यात नवा पिईन म्हणाला (मार्क १४:२५). त्यानं जे हातात घेतलं ते आपण बदलू नये. आमच्या नियमातही मिस्साचा, म्हणजे आमच्या प्रभुभोजनाच्या उपासनेचा, द्राक्षारस द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला लागतो.

शिवाय तिकडे द्राक्षांचा तोडा उन्हाळ्याच्या शेवटी आणि वल्हांडण, म्हणजे शेवटचं भोजन झालं तो यहुद्यांचा सण, वसंतात. तोवर रस गोडाचा गोड राहणार कसा? न आंबवता रस टिकवण्याची रीत अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्यानं १८६९ मध्ये बसवली, तीही प्रभुभोजनासाठीच. त्याआधी अठराशे वर्षं मंडळी काय पीत होती?

सेलूकर

भाऊ, नियम सांगता तुमी, पण त्या पोराचा हात पाह्यला का? आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी लागून पन्नासेक वर्सं झाली, तरी नाल्याच्या काठी मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी सडवलेली फुलं, गाडलेला सापडतेच. तुमच्या चंद्रपुरात २०१५ ले बंदी आली, २०२१ ले उठली. त्या बंदीसाठी बाया चिमूरहून नागपूरले पायी चालत गेल्या होत्या. त्यातली एखादी बाई चर्चमधी बसली असन तर तिले हा वास कसा लागन? पौलानं रोमकरांस १४:२१ मधी सरळ लिवलं आहे, ज्यानं भाऊ ठेचाळतो ते मांस खाऊ नये, द्राक्षारस पिऊ नये. याहून सोपं काय पाह्यजे?

चांद्याचा कॅथलिक

त्या मोर्चाबद्दल मला आदरच आहे. पण सडवा आणि वेदीवरचा प्याला एका मापानं मोजू नका. करिंथात लोक प्रभुभोजनातच झिंगत होते (१ करिंथ ११:२१). पौल रागावला, पण प्याला काढून टाका म्हणाला नाही. एकमेकांसाठी थांबा म्हणाला. ताईंच्या भावाला वाट आहे. आमची शिकवण अशी की नुसत्या भाकरीतही संपूर्ण ख्रिस्त मिळतो. ज्याला प्याला झेपत नाही त्यानं भाकर घ्यावी, त्यात काही उणं नाही.

यवतमाळचे निवृत्त पाळक

मी युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलो, ती १९८३ साली पुण्याला गेली त्याच्या आधी, यवतमाळातच. द्राक्षारसाच्या बाबतीत चांद्याच्या भावांचा इतिहास बरोबर आहे. तरी सेलूकरांच्या बाजूनं मी उभा राहीन.

उठलेल्या प्रभूला किती जणांनी किती तऱ्हेनं ओळखलं बघा. मरीयेनं तिचं नाव घेतल्यावर. थोमाला व्रण दाखवावे लागले. तिबिर्याच्या किनाऱ्यावर जाळं भरलं, १५३ मासे, तेव्हा प्रिय शिष्य म्हणाला की हा प्रभू आहे. रडणाऱ्या बाईपुढे प्रभूनं व्रण धरले नाहीत, ज्याला जे लागत होतं तेच त्याला दिलं. मग त्या मुलाच्या ओठाशी आपण काय नेलं?

आणि ताई, एक विचारतो, राग मानू नका. तो उठून गेला तेव्हा त्याच्यामागे कोण गेलं?

पांढरकवड्याकडची ताई

पाळकसाहेब, कोणी गेलं नाही. मीही नाही. मध्येच उठणं बरं दिसणार नाही म्हणून शेवटच्या गीतापर्यंत बसून राहिले. तो चिंचेखाली उकिडवा बसला होता.

चांद्याचे भाऊ, कृत्ये १०:४१ माझ्या ध्यानात नव्हतं. प्याला नव्हताच हे मी परत म्हणणार नाही. पण नुसती भाकर घ्यायची तुमची वाट आमच्याकडे चालणार नाही. तुमच्याकडे पुष्कळ जण नुसती भाकर घेतात, कोणाचं लक्ष जात नाही. आमच्यात सगळे प्याला घेतात. ट्रे एकट्यालाच चुकवून पुढं गेला की अख्ख्या गावाला कळतं कशासाठी. एक मंडळी, एकच प्याला, आणि तो सगळ्यांना उचलता यावा एवढंच मागते.

वडीलवर्गाला, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना, तसं लिहून दिलं आहे, उत्तर यायचं आहे. पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. शनिवारी रात्री मी मनुके भिजत घालणार. भाऊ म्हणाला, गाळाले मी बसतो.