मीटर शून्यावर, तरी बगळा पांढराफट्ट का?

खारीगावकरीण: नौपाड्यात फोटोग्राफीचा क्लास लावलाय. रविवारी सकाळी सरांनी ऐरोलीला खाडीवर नेलं. डायल ‘एम’वर (मॅन्युअल, सगळं हाताने), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४००, लेन्सचं छिद्र एफ/८, आणि व्ह्यूफाइंडरमधला उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत शटरचा वेग फिरवायचा. माझं १/४०० सेकंद आलं. चिखल आणि खारफुटीची मुळं सुरेख आलीत, पण चिखलात उभा असलेला बगळा म्हणजे नुसता पांढरा डाग, एक पीस दिसत नाही. घरी एडिटिंगमध्ये उजेड कमी केला तर डाग राखाडी झाला, पिसं काही आली नाहीत. काटा शून्यावर असूनही असं का? पुढे फ्लेमिंगोंच्या बोटीवर जायचंय, त्याआधी मला हे नीट कळायला हवंय. लेन्स ५५-२५०.

वाशीखाडी: ताई, मीटरला बगळा कळत नाही, फक्त उजेड कळतो. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे असं धरून तो हिशोब करतो. तुमच्या चौकटीत बहुतेक ओला काळपट चिखल. तो करडा दिसावा म्हणून मीटरने जास्त उजेड मागितला, आणि त्यात बगळा जळाला, म्हणजे जास्त उजेडाने पांढराफट्ट झाला. जळालेल्या भागात सेन्सर उजेडाने भरून गेलेला असतो, बारकावे टिपलेलेच नसतात, म्हणून एडिटिंगने पिसं येत नाहीत.

बगळ्यावर ऊन तेच असेल तर आयएसओ आणि एफ/८ तसंच ठेवून शटर १/१६०० करा. ४००चं ८००, ८००चं १६००, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), उजेड चौथाई. काटा शून्याच्या खाली जाईल, जाऊ दे. चिखल काळा येईल. तो काळाच असतो! एक फोटो काढून हायलाइट वॉर्निंग (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवून दाखवणारी सोय) चालू करून बघा. बगळ्यावर लुकलुकत नसेल तर तेच सेटिंग ठेवा. मग तो चिखलावरून उडून आभाळासमोर गेला तरी काही बदलायचं नाही, कारण त्याच्यावरचं ऊन तेच आहे. ‘एम’ मला आवडतो तो यासाठी. ऑटोमध्ये मागचं दृश्य बदललं की पक्ष्याचा रंगही बदलतो.

घोडबंदरवाला: बोटीवर मात्र ‘एम’ आणि ऑटो आयएसओ (आयएसओ कॅमेराच ठरवतो) ठेवा. ढग आला की चाकं फिरवायला वेळ कुठला? शटर १/१२५०च्या खाली नको, बोट हलत असते.

वाशीखाडी: ढगाळ दिवशी मान्य. पण ऑटो आयएसओ लावलं की उजेडाचा निर्णय पुन्हा मीटरकडे गेला, आणि समोर तोच चिखल. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबापेक्षा उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ करावं लागेल, आणि साध्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘एम’वर ते चालत नाही. आधी स्वतःच्या कॅमेऱ्यात तपासा. शिकताना आयएसओ बांधलेलंच बरं असं माझं ठाम मत. तीनही गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही.

खारीगावकरीण: आज गच्चीवर काळ्या चादरीवर पांढरा टॉवेल टाकून बघितलं. शून्यावर टॉवेलचे धागे गायब, दोन स्टॉप खाली आणल्यावर प्रत्येक धागा दिसला! फ्लेमिंगोंनाही दोनच स्टॉप का?

वाशीखाडी: ते बगळ्याइतके पांढरे नसतात, एका स्टॉपपासून सुरुवात करा. पंखाखालचा गडद गुलाबी उडतानाच दिसतो, तोही जपायचाय. आणि बोटीची वेळ भरती-ओहोटी बघून ठरवा. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, पक्षी उठून दुसरीकडे जातात.