एआर-15ला 'स्पोर्टिंग रायफल' म्हणणं: नेमकेपणा की मखलाशी?

गोदाकाठ
अमेरिकेत एआर-15 या सेमी-ऑटोमॅटिक (चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटणाऱ्या) रायफलवरून बंदूकवाल्यांशी वाद घालायला जा, पहिली पाच मिनिटं शुद्धलेखनातच जातात. 'असॉल्ट रायफल' म्हणालात की लगेच दुरुस्ती: ती लष्कराची, आमची नव्हे. 'एआर'चा अर्थ 'असॉल्ट रायफल' लावलात की हशा, कारण ती अक्षरं आर्मालाइट कंपनीच्या नावावरून आली. गोळ्या भरायच्या पेटीला 'क्लिप' म्हणालात तर संपलंच, मॅगझिन म्हणा! दुरुस्त्या बहुतेक बरोबर असतात, मान्य. पण याच धंद्याने स्वतःच्या मालाचं बारसं कसं केलंय बघा. नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन ही उद्योगाची संघटना. तिने 2009 पासून 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' हा शब्द रुजवायला घेतला. यूजीन स्टोनर या अभियंत्याने जी सैन्यासाठी घडवली, जिच्यातून पुढे अमेरिकी सैन्याची एम-16 आली, ती आता खेळातली! 1980च्या दशकात मात्र बंदुकांची मासिकं आणि काही विक्रेते हाच 'असॉल्ट' शब्द मिरवत होते. तेव्हा तो खपत होता. मला ही सरळ मखलाशी वाटते.

टेक्सासकर
असहमत. माझ्याकडे एआर आहे, सवड मिळाली की नेमबाजीच्या रेंजवर नेतो. शब्दाचा कीस आम्ही हौस म्हणून काढत नाही, कायदाच शब्दांवर चालतो म्हणून काढतो. 1994चा केंद्रीय बंदी कायदा घ्या. काढता-घालता येणारं मॅगझिन असलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल, आणि तिला पिस्तूल-ग्रिप, दुमडता येणारा दस्ता, संगीन अडकवायची खुंटी, फ्लॅश सप्रेसर (गोळी सुटतानाचा भडका लपवणारा) अशांपैकी दोन गोष्टी असल्या की ती 'असॉल्ट वेपन'. कंपन्यांनी काय केलं? खुंटी उडवली, नळीच्या तोंडचा फ्लॅश सप्रेसर काढला आणि तीच रायफल पुन्हा दुकानात मांडली. गोळी तीच, चाप एकदा ओढला की एकच सुटणार तेही तसंच. 2004ला मुदत संपेपर्यंत लोक समजत होते की 'असॉल्ट वेपन' बंद झाली. आता सांगा, शब्दांनी कोण कोणाला फसवलं?

पाणवठा
टेक्सासकर, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच कायद्याने 10पेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं विकायला बंदी घातली होती. तिथे संगिनीच्या खुंटीचा घोळ नव्हता, सरळ आकडा होता. आकड्यात खोट काढता येत नाही, म्हणून मग 30 गोळ्यांच्या मॅगझिनला 'स्टँडर्ड कपॅसिटी' म्हणायचं आणि 'हाय कपॅसिटी' म्हणणाऱ्याला अडाणी ठरवायचं.
आणि ती 'स्पोर्टिंग'वाली संघटना? तिचं कार्यालय तेव्हा कनेटिकटमधल्या न्यूटाउन गावात होतं. 2012 साली त्याच गावातल्या सँडी हुक शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं एआर धर्तीच्याच रायफलने मारली गेली. त्या आईबापांसमोर 'स्पोर्टिंग' म्हणून दाखवावं कोणी.

टेक्सासकर
मारेकऱ्याच्या कृत्याचा जाब लाखो मालकांच्या शब्दकोशाला विचारायचा, हे पटत नाही.

नाना_फडताळ
चालू द्या, चहा टाकलाय.
माझीही एक काडी. बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळकांड्याला 'सायलेन्सर' म्हणणाऱ्याला ही मंडळी हसतात, 'सप्रेसर' म्हणायला लावतात. अहो, 1909ला मशीनगनवाल्या हायरम मॅक्सिमच्या मुलाने पेटंट घेऊन विकलं ते 'सायलेन्सर' म्हणूनच, आणि 1934च्या केंद्रीय कायद्यातही तोच शब्द आहे. आवाज मरत नाही, नुसता कमी होतो, हे खरं. पण मग हसायचं तर आधी पेटंटवाल्याला हसा.

जर्सीची_सून
नवऱ्याने पिस्तूल घ्यायचं ठरवलं, म्हणून मीही सुरक्षेच्या वर्गाला बसले. प्रशिक्षक 'वेपन' म्हणू देत नव्हते, दर वेळी 'फायरआर्म'. मला ती साखरपेरणी वाटली. मग मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "चुकून गोळी सुटली तर?" प्रशिक्षकांनी टेबलावरचं रिकामं पिस्तूल उचललं, तर्जनी चापाबाहेर नळीला समांतर धरून सगळ्यांना दाखवली. म्हणाले, बोट इथे असेल तर ती सुटत नाही. सुटली तर तुम्ही सोडलीत. 'ॲक्सिडेंटल' म्हणायचं नाही, 'नेग्लिजंट डिस्चार्ज' म्हणायचं. वर्गात चिडीचूप! आपल्याकडे पेपरात 'बंदूक साफ करताना चुकून गोळी सुटली' छापतात, त्यापेक्षा हे बरंच कडक आहे. तेव्हा सगळेच शब्द पांघरूण घालणारे नसतात, गोदाकाठ.

गोदाकाठ
हे उदाहरण जोरदार आहे, माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढंच दिसतं की बोटाबद्दल बोलताना भाषा कडक होते आणि मालाबद्दल बोलताना मऊ. पहिली रेंजवर घडली, दुसरी विक्री खात्यात.

टेक्सासकर
विक्री खात्याची वकिली मी करत नाही. मला 'स्पोर्टिंग'ही नको आणि 'असॉल्ट'ही नको. 'सेमी-ऑटोमॅटिक रायफल' म्हणा, वाद मिटला.

पाणवठा
चालेल. आणि त्या 30 गोळ्यांच्या मॅगझिनला काय म्हणायचं?

टेक्सासकर
30 गोळ्यांचं मॅगझिन.