मंदीत आणि तेजीत आपल्या घरातलं आजारपण : अनुभव लिहा

अर्थतज्ज्ञ क्रिस्तोफर रूम यांनी २००० साली अमेरिकेतल्या आकड्यांवरून दाखवलं की तिथे मंदीत एकूण मृत्यूदर घटतो, रस्त्यावरचे बळीही कमी होतात. आत्महत्या मात्र वाढतात. आपल्यासारख्या देशांत तान्ह्या बाळांचं गणित उलटं आहे. बेअर्ड, फ्रीडमन आणि शेडी या संशोधकांनी ५९ विकसनशील देशांतले १७ लाख जन्म तपासले. दरडोई उत्पन्न घसरलं की बालमृत्यू वाढतात, त्यातही मुली जास्त दगावतात. कोल्हापूरकरांनो, तुमच्या घरात काय घडलं?

शिरोली
२००८ ची दिवाळी झाली आणि फौंड्रीत तीन शिफ्टची एक झाली. वडील मोल्डिंगला होते. हजेरी आठवड्यातून तीनच दिवस. बीपीची गोळी ते एक दिवसाआड घ्यायला लागले, घरात कुणाला पत्ता नाही. फेब्रुवारीत पहाटे गेले. उशीखाली गोळ्यांचं पान सापडलं, त्यावर पेनानं तारखा घातलेल्या, एक सोडून एक. ते पान अजून आईच्या ट्रंकेत आहे.

इचलकरंजी
नोटाबंदीत माग थांबले, पगाराला रोकड नाही. वहिनी सातव्या महिन्यातही कांड्या भरायला जात होती, तपासणीच्या दोन तारखा चुकल्या. मुलगी झाली, दीड किलोसुद्धा भरली नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. वाचली. आता शाळेत जाते.

कागलजवळचं गाव
आमच्याकडं माणूस तेजीनं नेला. उसाचं बिल वेळेवर मिळालं, मेव्हण्यानं नवी गाडी काढली. हंगामातच रात्री बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉलीवर मागून आदळला. म्हणजे अमेरिकेतलं ते रस्त्याचं इथंही खरंच आहे, फक्त मंदीतली सुटका आपल्याला मिळत नाही.

राजारामपुरी, मेडिकल दुकान
शिरोलीकर, तुमचं वाचून हात थांबला. कारखान्यांत काम कमी झालं की गिऱ्हाईक म्हणतं, "अख्खं पान नको, चारच गोळ्या कापून द्या." आणि ज्यानं कापून नेल्या तो पुढच्या आठवड्यात येईलच असं नाही. खोकल्याचं औषध उधारीवर नेतात, कारण खोकला झोपू देत नाही. बीपी दुखत नाही, म्हणून पहिली काट तिथंच बसते. मी आता शुगर-बीपीवाल्यांची वही वेगळी ठेवलीय. महिना उलटला आणि माणूस आला नाही, तर घरी फोन लावतो. पैसे नंतर द्या म्हणतो. गेल्या महिन्यात सात फोन केले, पाचजण आले.